मुखपृष्ठाचे मानकरी

महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाचं किंवा जुन्या, नावाजलेल्या महाविद्यालयाचं संकेतस्थळ उघडलं, की बहुधा आधी एक इमारत सरकत जाते. तिच्यामागून दीपप्रज्वलन येतं, दीपप्रज्वलनामागून शाल-श्रीफळ, आणि त्यामागून वृक्षारोपण, ज्यात एका रोपट्याला अकरा जणांचे हात लागलेले असतात आणि रोपटं तेवढं दिसत नाही. ही मिरवणूक पुढे गेली, की कुलपती, कुलगुरू, प्र-कुलगुरू आणि कुलसचिव उतरत्या क्रमाने आणि उतरत्या आकारात दर्शन देतात. त्याखाली ध्येय, दृष्टी आणि मूल्यं. या सगळ्याच्या फटीतून कुठे तरी लाल अक्षरांची एक पट्टी उजवीकडून डावीकडे पळत असते: परीक्षा अर्ज भरण्यास मुदतवाढ, फेरमूल्यांकनाचा निकाल जाहीर, अमुक पेपरच्या तारखेत बदल. शेजारी पिवळ्या चांदणीत ‘न्यू’ लुकलुकत असतं. ते गेल्या वर्षीच्या सूचनेशेजारीही तितक्याच उत्साहाने लुकलुकतं. अख्ख्या पानावर ज्या मजकुरासाठी माणूस आलेला असतो, तेवढा एकच मजकूर पळत असतो. बोट टेकवावं तोवर तो निघून जातो आणि बोट पडतं कुलगुरूंच्या संदेशावर. अशी धावती पट्टी मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररने नव्वदच्या दशकात आणली. वेबच्या मानकांनी तिला कधी आपलं म्हटलं नाही, आणि आता तर ती कालबाह्य म्हणून नोंदवून टाकली आहे. एक्स्प्लोरर स्वतः १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. पट्टीला मात्र आपल्याकडे मुदतवाढ मिळत गेली.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं समजून खजील व्हायचं कारण नाही. रँडल मन्रो या अमेरिकन व्यंगचित्रकाराने २०१० साली त्याच्या ‘एक्सकेसीडी’ या चित्रमालिकेत दोन वर्तुळं काढली होती. एकात विद्यापीठाच्या मुखपृष्ठावर काय असतं ते: परिसराची सरकती चित्रं, अध्यक्षांचं पत्र, संस्थेचं तत्त्वज्ञान, बातम्यांत झळकलेले माजी विद्यार्थी. दुसऱ्यात माणसं काय शोधायला येतात ते: अर्ज, शैक्षणिक वेळापत्रक, प्राध्यापकांचे फोन, धड कळेल असा नकाशा. दोन्ही वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात त्या चिंचोळ्या जागेत एकच गोष्ट होती, संस्थेचं पूर्ण नाव. या एका बाबतीत आपण अमेरिकेच्या पुढे आहोत हे नमूद करायला हवं. जळगावच्या विद्यापीठाचं २०१८ पासूनचं पूर्ण नाव ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ असं आहे. फोनच्या पडद्यावर ते सहज तीन ओळी घेतं, म्हणजे ती चिंचोळी जागा आपण बरीच रुंद केली. असो. मुद्दा असा, की हे पान वाचणाऱ्यासाठी बांधलेलंच नसतं. लग्नपत्रिका पाहावी. वर कुलदैवत, मग पणजोबा, आजोबा, निमंत्रक, स्वागतोत्सुक, ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’, आणि तळाशी बारीक अक्षरांत मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता. पत्रिका छापताना पाहुणा वेळेवर पोचेल का, ही चिंता कुणाला नसते. धाकट्या काकांचं नाव राहून गेलं तर काका मांडवात काय करतील, ही असते. मुखपृष्ठावर कुणाचा फोटो येतो आणि कशाची लिंक येत नाही, हे ठरवतानाही डोळ्यांसमोर काकाच असतात. विद्यार्थी काय, तो येतोच. त्याला दुसरं विद्यापीठ कुठे आहे?

मुखपृष्ठ ओलांडून आत गेलं तरी सुटका नाही, कारण आतला जिना कार्यालयाच्या नकाशाबरहुकूम बांधलेला असतो. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८ साली ‘डेटामेशन’ मासिकात एक निरीक्षण मांडलं होतं: कुठलीही संस्था जी व्यवस्था रचते, तिच्यात त्या संस्थेतली माणसं आपसांत कशी बोलतात याचाच आराखडा उमटतो. कॉनवेने आपली विद्यापीठं पाहिली असण्याची शक्यता कमी. पण नियम तंतोतंत लागू पडला. मुलीला हवं असतं स्थलांतर प्रमाणपत्र. संकेतस्थळ तिला विचारतं, परीक्षा विभाग, पात्रता विभाग, की विद्यार्थी विकास? आता पात्रता विभाग नावाचं काही असतं हे ज्याला माहीत आहे, तो एक तर तिथे नोकरीला असतो किंवा तिथल्या रांगेत उभा राहून आलेला असतो. पदवी प्रमाणपत्र एका मजल्यावर, स्थलांतर प्रमाणपत्र दुसऱ्या, आणि बोनाफाइड कॉलेजच्या खिडकीत, ही वाटणी सरकारी फायलींच्या सोयीची आहे. तिचं जसंच्या तसं चित्र संगणकावर उतरवलं, म्हणजे घरबसल्या तीन मजले चढण्याची सोय झाली.

अशा तक्रारी साचल्या, की नूतनीकरणाची निविदा निघते. नवं संकेतस्थळ येतं. त्यात सरकती चित्रं मोठी झालेली असतात, आणि ‘वापरकर्ताभिमुख’ रचना म्हणून चार दरवाजे बसवलेले असतात: विद्यार्थी, पालक, शिक्षक, माजी विद्यार्थी. माझा आक्षेप या चार दरवाज्यांवर आहे, कारण सुधारणा म्हणून आलेली ही गोष्ट सुधारणेसारखी दिसते आणि नेमकी त्यामुळे तिला कुणी हरकत घेत नाही. वेगवेगळ्या माणसांच्या वेगवेगळ्या गरजा असतात, तेव्हा प्रत्येकाला वेगळा दरवाजा द्यावा. ऐकायला किती रास्त! पण दरवाज्यावर उभं राहिलं, की आधी आपण कोण हे ठरवावं लागतं, आणि हा प्रश्न सोडवताना भल्याभल्यांची आयुष्यं गेली आहेत. इंजिनिअरिंगचा एम-थ्री हा गणिताचा एक पेपर तेवढा राहिलेला, पुण्यात दोन वर्षं नोकरी करणारा तरुण: हा विद्यार्थी की माजी विद्यार्थी? कॉलेजच्या लेखी तो गेला, विद्यापीठाच्या लेखी तो आहे, आणि घरच्यांच्या लेखी तो इंजिनिअर आहे. मुलीचा अर्ज भरणारे वडील पालक खरे, पण भरताहेत विद्यार्थ्याचा अर्ज, आणि ओटीपी येतोय मुलीच्या फोनवर, जो क्लासमध्ये बंद आहे. पीएचडीला नाव नोंदवलेले प्राध्यापक सकाळी शिक्षक आणि संध्याकाळी विद्यार्थी असतात. तालुक्याच्या कॉलेजातले जे हेडक्लार्क दिवसभर या संकेतस्थळाशी झुंजतात, त्यांना तर दरवाजाच नाही. ते खिडकीतूनच येत असावेत.

सगळ्यात मोठी फसगत माजी विद्यार्थ्यांची होते. कॅनडात स्थायिक व्हायला निघालेल्या मराठी मुलाला पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, त्यासाठी ‘वेस’सारख्या संस्थेकडे विद्यापीठाने शिक्का मारलेलं ट्रान्सक्रिप्ट पोचावं लागतं. तो प्रामाणिकपणे ‘माजी विद्यार्थी’ दरवाजा उघडतो. आत स्नेहमेळाव्याचा समूहफोटो, ‘आमचे मानबिंदू’ आणि देणगीसाठी खातेक्रमांक. ट्रान्सक्रिप्टचा अर्ज ‘विद्यार्थी’ दरवाज्याआड, परीक्षा विभागाच्या पोटात, ‘इतर’ या शीर्षकाखाली पडलेला असतो. विद्यापीठाच्या कल्पनेतला माजी विद्यार्थी आठवणींनी गहिवरलेला असतो आणि त्याचा हात खिशाकडे जात असतो. खरा माजी विद्यार्थी टोरंटोतल्या मध्यरात्री लिफाफ्यावर कुणाची सही लागते ते शोधत असतो. दरवाज्यावरची पाटी माणसाबद्दल असते आणि आतला माल संस्थेच्या अपेक्षेबद्दल, ही या रचनेतली मूळ खोट.

ब्रिटिश सरकारने हा प्रयोग आपल्याआधी आणि आपल्यापेक्षा जास्त पैसे खर्चून करून पाहिला आहे. ‘डायरेक्टगव्ह’ या त्यांच्या नागरिकांसाठीच्या संकेतस्थळावर लोकांचे गट पाडलेले होते: तरुण, पालक, पन्नाशीपुढचे, परदेशी राहणारे ब्रिटिश, वगैरे. बावन्न वर्षांच्या गृहस्थाला गाडीचा परवाना बदलायचा असला, तर त्याने आधी आपल्या वयाला सामोरं जायचं की गाडीला, हा घोळ तिथेही होताच. २०१० साली मार्था लेन फॉक्स यांनी सरकारला अहवाल दिला, की हे डागडुजीने सुधारणारं नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये जुनं बंद करून ‘गव्ह डॉट यूके’ सुरू झालं. त्यात माणसांऐवजी कामांचे कप्पे आहेत: वाहन चालवणं, लाभ, कर, जन्म-मृत्यू-विवाह. सुट्ट्यांचं पान उघडलं, की पुढची सुट्टी कधी ते मोठ्या अक्षरांत आधी दिसतं. सुट्ट्यांची परंपरा, सुट्टीविषयी मंत्र्यांचं मनोगत आणि सुट्टी समितीची रचना वाचावी लागत नाही. दिसायला हे संकेतस्थळ इतकं साधं, की आपल्या एखाद्या समितीपुढे ठेवलं तर ‘अजून काम बाकी दिसतंय’ असा शेरा पडेल.

साहेबाचं उदाहरण नको असेल, तर ते आपल्या फाटकासमोरच लटकलेलं आहे. महाराष्ट्रात जिथे कॉलेज आहे तिथे फाटकासमोर चहाची टपरी आहे आणि टपरीला लागून नेट कॅफे, म्हणजे हल्लीचं ‘ऑनलाइन सर्व्हिसेस’, आहे. त्याचा फ्लेक्स वाचावा. परीक्षा फॉर्म, हॉल तिकीट, निकाल, शिष्यवृत्ती, जात पडताळणी, पॅन कार्ड, कलर झेरॉक्स, लॅमिनेशन. खाली फोन नंबर. ‘आमच्याविषयी’ नाही, ध्येय नाही, दृष्टी नाही, मालकाचा फोटो फार तर वाढदिवसाला. तुम्ही विद्यार्थी की पालक, हे तो विचारत नाही; ‘काय काढायचंय?’ एवढंच विचारतो. शैक्षणिक संकेतस्थळाची याहून शास्त्रशुद्ध रचना कुठल्याही सल्लागार कंपनीने करून दिलेली नाही, आणि ती त्याला सुचली कारण माणूस दारातून परत गेला तर त्याचं नुकसान होतं. विद्यापीठाचं होत नाही. हा दुकानदार संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर कधी पाऊलही ठेवत नाही. आतल्या हव्या त्या पानांच्या खुणा त्याने आपल्या संगणकावर जपून ठेवलेल्या असतात, आणि फॉर्ममागे तो जे चाळीस-पन्नास रुपये घेतो, तो वाईट रचनेवर बसवलेला खासगी कर आहे. तो भरतं कोण? ज्याच्या घरी लॅपटॉप नाही, ज्याचे आईवडील इंग्रजी अर्जाला बिचकतात, तो. चार दरवाज्यांच्या रचनेत त्याच्यासाठी खास काही नसतं, पण खर्च मात्र त्याच्याच खिशातून होतो.

यावर पहिली हरकत आपल्याकडे ठरलेली: नॅकचं काय? हरकत पोकळ नाही. नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, १९९४ साली स्थापन झाली. तिचे सात निकष आहेत, स्वयं-अध्ययन अहवाल आहे, आणि त्यातल्या दाव्यांना पुरावा म्हणून संकेतस्थळावरच्या कागदांच्या लिंका द्याव्या लागतात. शिवाय माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ सांगतं, की सतरा प्रकारची माहिती सार्वजनिक संस्थेने आपणहून जाहीर करावी. सगळं मान्य. पण नॅकचं काम लिंकवर चालतं याचा अर्थच असा, की नॅकवाले मुखपृष्ठावरून येत नाहीत. ते थेट कागदावर उतरतात. कागद सातव्या मजल्यावर असला तरी त्यांचं अडत नाही. तेव्हा सात निकषांचे सात ठळक रकाने मुखपृष्ठावर मांडून विद्यार्थ्याला त्यांतून वाट काढायला लावणं नॅकने सांगितलेलं नाही. माहिती अधिकाराचं म्हणाल, तर कायद्याने अधिकाऱ्यांची यादी मागितली आहे, तसबिरी मागितलेल्या नाहीत. उलट त्याच यादीशेजारी प्रत्येकाचा मासिक पगारही मागितला आहे. तो सरकत्या चित्रांत झळकवण्याची सूचना अजून कुठल्या समितीत मंजूर झालेली दिसत नाही.

दुसरी हरकत जास्त हुशार आहे. मुखपृष्ठ बघतंय कोण? पोरं गूगलवर शोधतात, नाही तर वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारतात; मग मुखपृष्ठावर दीपप्रज्वलन असलं काय आणि निकाल असला काय! यातलं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष उलटा आहे. ग्रुपवर विचारावं लागतं, कारण संकेतस्थळावर सापडत नाही. ग्रुपवर मिळालेलं परिपत्रक खरं की कुणा अभ्यास न झालेल्या सद्गृहस्थाने तारीख बदलून फिरवलेलं, हे ओळखायला शेवटी अधिकृत ठिकाणीच यावं लागतं. परीक्षा पुढे ढकलल्याची अफवा दर हंगामाला उठते. मग तिचं खंडन करणारं परिपत्रक निघतं, ते स्कॅन करून तिरकं चढवलं जातं, आणि कुठे झळकतं? पळत्या पट्टीत. अफवा तोवर तीन जिल्हे फिरून आलेली असते. आणि गूगलवरून येणारा थेट आतल्या पानावर उतरतो हे खरं; तिथे त्याला २०१९ चा अभ्यासक्रम मिळतो, कारण जुनी पानं खाली उतरवण्याची जबाबदारी कुठल्याच विभागाची नसते.

तिसरी हरकत मला स्वतःला सगळ्यात वजनदार वाटते: म्हणजे सगळी माणसं सारखीच असं म्हणायचं का? मुळीच नाही. माणसं वेगळी असतात, फक्त चार दरवाजे सुचवतात त्या जागी नव्हे. ‘विद्यार्थी’ आणि ‘पालक’ यांना दोघांनाही शुल्क, वसतिगृह आणि शेवटची तारीखच हवी असते. खरा फरक हातात काय आहे, डोळ्यांना काय दिसतं आणि रेंज किती आहे, यात असतो. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली गडचिरोलीत उभं राहिलं, कारण मुलांनी कागदांसाठी नागपूर गाठणं अवघड होतं. त्या भागातल्या मुलाला सरकत्या चित्रांचं ओझं उतरेपर्यंत रेंजच्या टेकडीवर उभं करणं, म्हणजे त्याला पुन्हा नागपूरला पाठवणंच आहे. अंध विद्यार्थिनी पडदा-वाचक प्रणालीने संकेतस्थळ ऐकते. आपलं परिपत्रक टंकलिखित, मग छापलेलं, मग सही-शिक्क्याचं, मग स्कॅन केलेलं असतं. ते आता मजकूर राहिलेलं नसून फोटो झालेलं असतं, आणि प्रणाली तिला त्याबद्दल एवढंच सांगते, की इथे एक चित्र आहे. ज्या संगणकावर ते पहिल्यांदा टंकलं तिथे ती अक्षरं होती. शिक्का बसला आणि ती मुकी झाली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा, सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासूनची. दोन्हींच्या प्रती संकेतस्थळांवर मिळतात, बहुधा स्कॅन केलेल्या.

मराठीचंही तेच. वरच्या कोपऱ्यात ‘मराठी’ असं बटण असतं. ते दाबलं की मथळे मराठी होतात आणि अर्ज इंग्रजीतच राहतो. किंवा जुन्या, युनिकोडपूर्व टंकात चढवलेलं पान उघडतं आणि समोर कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांचा असा काही मजकूर येतो, की मोडी वाचणारा जाणकारही हात टेकेल. यांतली कुठलीच अडचण दरवाजे वाढवून सुटत नाही. एकच दरवाजा पुरेसा रुंद हवा: हलकं पान, खरा मजकूर, फोनवर अंगठ्याने दाबता येईल एवढं बटण, आणि त्यावर कामाचं नाव. निकालाच्या दिवशी निकाल सर्वांत वर, प्रवेशाच्या महिन्यात प्रवेश, एरवी वेळापत्रक. मुखपृष्ठ ऋतुमानाप्रमाणे बदलावं हे शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. संकेतस्थळ समितीला लागतं, कारण फोटो बाराही महिने पिकतात.

हे सगळं खर्चाचं आहे, असं आता कुणी म्हणेल, म्हणून खर्चाचं बोलू. जेकब नील्सन या वापर-सुलभतेच्या अभ्यासकाने २००० सालीच दाखवून दिलं, की रचनेतले बहुतेक दोष हुडकायला मोठं सर्वेक्षण लागत नाही, पाच माणसं पुरतात. आपल्याकडे ही पाच माणसं फाटकाशीच मिळतील: पहिल्या वर्षाची मुलगी, कुणाची तरी आई, एम-थ्रीवाला, हेडक्लार्क आणि पडदा-वाचक वापरणारा विद्यार्थी. प्रत्येकाला स्वतःच्याच फोनवर ट्रान्सक्रिप्टचा अर्ज शोधायला सांगायचा आणि समितीने मागे उभं राहून, तोंडातून शब्द न काढता, बघायचं. यातला अवघड भाग ‘तोंडातून शब्द न काढता’ हा आहे. वरिष्ठ प्राध्यापकांच्या समितीला याचा सराव नसतो. बाकी खर्च पाच चहा आणि पाच वडापाव. तो मात्र मंजूर होणं कठीण, कारण संकेतस्थळाच्या लेखाशीर्षाखाली वडापाव बसत नाही, आतिथ्याच्या लेखाशीर्षाखाली विद्यार्थी बसत नाही, आणि किरकोळ खर्चात टाकलं तर लेखापरीक्षक विचारणार, तीन दरपत्रकं मागवली होती का?